बारीक माल, मोठे नुकसान : इलेक्ट्रॉनिक सुटे भाग घरात कसे सांभाळावेत?

आमचा धंदा कापडाचा. चिंचवडात दुकान आहे आणि माल इचलकरंजी, भिवंडी, मालेगावहून येतो. तेव्हा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांवर आम्ही का लिहावे, असा प्रश्न वाचक बांधवांना पडेल. त्याला कारण आमचा भाचा. २०२० च्या टाळेबंदीत गाळ्याचे भाडे थकले, तेव्हा त्याने गाळा सोडला आणि दुरुस्तीचे व जॉबवर्कचे सगळे काम घरी आणले. बाहेरची खोली दहा बाय बारा. तेथे तो, त्याची बायको आणि आमच्या आपा, म्हणजे त्याची आई, असे तिघे मिळून काम करतात. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याने त्याचे दोनशे बोर्ड परत पाठवले आणि पुढचे काम थांबवले. त्याने आम्हाला बोलावले ते उसन्या पैशासाठी. पैसे आम्ही दिले. पण खोलीत तासभर बसलो तेव्हा लक्षात आले की, खरे दुखणे माल ठेवण्याच्या पद्धतीत आहे, आणि माल ठेवण्यातच आमची हयात गेली आहे.

असे घर या पट्ट्यात एकटे नाही. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीची माळराने कारखान्यांनी भरत गेली. पुढे चाकण आले. भोसरीत तर ‘इलेक्ट्रॉनिक सदन’ या नावाच्याच इमारती आहेत. मोठ्या कारखान्याला लागणारा बोर्ड लहान कारखाना करतो आणि त्यातले हाताचे सोल्डरिंग कितीतरी वेळा घराघरांत होते. याशिवाय मोबाईल, टीव्ही, इन्व्हर्टर, वेल्डिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करणारे आपले तरुण आहेतच. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडला तेव्हा महिंद्रासारख्या कंपनीला सप्टेंबर महिन्यात काही दिवस वाहनांचे उत्पादन बंद ठेवावे लागले. नखाएवढ्या वस्तूसाठी एवढा मोठा कारखाना थांबतो, तर दहा बाय बाराच्या खोलीचे काय सांगावे!

पिवळा बल्ब आणि लाल पट्टी

दोनशे बोर्ड का परत आले ते आधी सांगतो. रेझिस्टन्स नावाचा एक भाग असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याची किंमत अंकांत लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ आणि पांढरा नऊ. पहिल्या दोन पट्ट्या आकडा सांगतात, तिसरी पट्टी पुढे किती शून्ये ती सांगते. पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४,७०० ओहम. पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७,००० ओहम. दोघांत फरक एका पट्टीचा, पण किंमत दहापट.

रात्रीच्या कामात हे दोन डबे शेजारी होते. घाईत एका डब्यातील शिल्लक दुसऱ्यात ओतली गेली. खोलीत पिवळा बल्ब होता. त्या उजेडात लाल आणि नारिंगी एकसारखेच दिसतात. भाच्याची बायको रोज तेच काम करते, तिचा हात साफ आहे, तरी दोनशे बोर्डांत कुठे हा तर कुठे तो असे भाग बसले.

आम्ही हसलो, कारण ही गोष्ट आमच्या दुकानात रोज घडते. साडी घ्यायला आलेली बाई दुकानातील दिव्यावर कधी विश्वास ठेवत नाही. पदर हातात धरून ती दारापर्यंत जाते आणि बाहेरच्या उजेडात रंग पाहते. तिला जे कळते ते आमच्या भाच्याला, आयटीआय करूनही, कळले नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही पांढऱ्या उजेडाचा दिवा आणला आणि टेबल खिडकीजवळ सरकवले. त्याशिवाय नियम केला की, शंका आली की मल्टिमीटर लावायचा, डोळ्यावर जायचे नाही. चुकीचे भाग काढून नवे बसवायला तिघांना चार दिवस लागले. अकरा बोर्डांची तांब्याची वाट उपटली गेली, त्यांचे पैसे भरून द्यावे लागले.

अमानत वेगळी ठेवावी

दुसरा दोष याहून मोठा होता. कारखान्याने दिलेले भाग, भाच्याने स्वतः विकत आणलेले भाग आणि गिऱ्हाइकांच्या जुन्या बोर्डांतून काढलेले भाग, असा तिन्ही प्रकारचा माल एकाच कपाटात मिसळला होता. आम्ही विचारले, “यातला कारखान्याचा किती?” तो म्हणाला, “मामू, अंदाजाने सांगतो.” अंदाजाने सांगण्याची ही गोष्ट नव्हे. जॉबवर्कला आलेला माल ही अमानत आहे. किती आला, किती बोर्डांत बसला, किती खराब झाला आणि किती परत जाणार, हे चारही आकडे जुळले पाहिजेत.

कायद्यानेही ते बंधनकारक आहे. २०१७ च्या जीएसटी कायद्यातील कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल देणाऱ्याकडे एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, किंवा जॉबवर्करच्या जागेवरून नियमाप्रमाणे पुढे जावा लागतो. तसे झाले नाही तर माल पाठवला त्या दिवशीच तो विकला असे धरले जाते आणि कराचा भार मालकावर येतो. म्हणून कारखानदार शिलकीचा हिशेब मागतो तेव्हा त्यात अविश्वासाचा भाग नसतो. चलनाची प्रत घरात जपून ठेवावी. आमच्याकडे आता कारखान्याच्या मालासाठी वेगळी लोखंडी पेटी आहे, तिला हिरवा रंग दिला आहे. काम चालू असताना ज्या लॉटचे बोर्ड टेबलावर असतील त्याच लॉटची पिशवी उघडायची, दुसरी नाही.

आता मोजायचे कसे? पाच हजार बारीक भाग कोण मोजत बसणार? येथे आमचा मीटर कामाला आला. आजकालचे सपाट भाग कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीत बसवून, रिळावर गुंडाळून येतात. पट्टीच्या कडेला भोके असतात आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर चार मिलिमीटर ठरलेले आहे. नेहमीच्या आकाराचा, म्हणजे ०६०३ किंवा ०८०५ चा भाग असेल तर दर भोकामागे एक नग. म्हणजे एक मीटर पट्टीत २५० नग. पाच हजारांचे रीळ म्हणजे वीस मीटरचा तागा झाला! ०४०२ चा भाग त्याहून लहान, तो दोन-दोन मिलिमीटरवर बसतो, त्याचे मीटरला ५०० होतात. आठ पायांच्या सपाट आयसीची पट्टी रुंद असते आणि नग आठ मिलिमीटरवर असतात, ते मीटरला १२५. हे ऐकल्यावर आम्ही दुकानातून लोखंडी मीटर मागवला आणि सगळी उघडी रिळे अर्ध्या तासात मोजून टाकली. भाचा दोन वर्षे चिमट्याने मोजत होता.

पट्टी कापताना एक खबरदारी घ्यावी. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर किंमत आणि लॉट नंबर लगेच लिहावा. सपाट रेझिस्टन्सवर निदान ४७२, ४७३ असे आकडे छापलेले असतात, पण ०४०२ च्या आकारात तेही नसतात आणि सिरॅमिक कंडेन्सरवर तर काहीच छापत नाहीत. पट्टीतून बाहेर सांडला की तो कोण, कुठला, हे त्याला पाहून कोणीही सांगू शकत नाही. कापडात फेंटची चिठ्ठी हरवली तर हाताने पोत तरी कळतो. इथे तीही सोय नाही. लॉट नंबर का, तर एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला की तो कोणत्या बोर्डांत गेला ते सापडावे. एकाच रंगाच्या दोन लॉटचे कापड एका सदऱ्यात लावले तर शिवल्यावर फरक दिसतो, हे आपल्या दर्जी बांधवांना सांगायला नको.

खण कसे लावावेत

रेझिस्टन्सच्या किमती शेकडो असतील असे आम्हाला वाटले होते. तसे नाही. सर्वसाधारण मालिकेत एका दशकात बाराच किमती येतात : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२. मग त्याच किमती दहापट, शंभरपट. एक ओहमपासून दहा लाख ओहमपर्यंत सहा दशके, म्हणजे बाहत्तर खण आणि शेवटचा एक. एवढे खणही लागत नाहीत, दुरुस्तीवाल्याला वीस-पंचवीस किमती वारंवार लागतात. त्या हाताजवळ ठेवाव्यात, बाकीच्या पाकिटांत.

खणांसाठी पैसा खर्चावा लागतोच असे नाही. भाच्याकडे काडेपेट्या एकमेकांना चिकटवून केलेले कपाट होते, उस्तादाकडून शिकलेले. ते वाईट नव्हते, पण पावसाळ्यात फुगत असे. आम्ही त्याला बटणवाल्याची पद्धत दाखवली. बटणांच्या दुकानात प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतले एक बटण टाकलेले असते, गिऱ्हाइकाला डबा उघडावा लागत नाही. तसा प्रत्येक खणावर आतला एक रेझिस्टन्स चिकटवला आणि खाली आकडा लिहिला. हे रेझिस्टन्स, साधे कंडेन्सर, रिले, स्क्रू यांना चालते. आयसीला चालत नाही, त्याचे कारण पुढे येईल. सपाट भागांच्या पट्ट्यांना नाण्यांचा किंवा फोटोंचा जुना अल्बम उत्तम. तुकडे खिशात सरकवायचे, पान उलटले की सगळे दिसते. मात्र तुकड्यांना रबर लावू नये. रबरात गंधक असते, चांदीचा मुलामा असलेले पाय त्याने काळे पडतात आणि मग सोल्डर धरत नाही. पांढऱ्या तलम कापडावर रबराचा डाग पडल्याचे आम्हीही भोगले आहे.

खण लावताना एक गंमत झाली, ती सांगण्यासारखी आहे. आपा आमच्यासारख्याच उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांनी एका दुपारी सगळे खण पुसून परत ठेवले, तेही किमतीच्या क्रमाने. पण क्रम उजवीकडून डावीकडे! संध्याकाळी भाच्याचा हात सवयीने डाव्या टोकाच्या १० च्या खणात गेला आणि आला ८२. नशीब की त्याने पांढऱ्या दिव्याखाली पाहिले. आपांचे म्हणणे, “रांग कुठून सुरू होते ते कुठे लिहिले होते?” त्यांचे बरोबर होते. तेव्हापासून प्रत्येक खणाला आणि त्याच्या मागच्या फळीला एकच क्रमांक आहे, खण कोणीही काढो, तो त्याच जागी परत जातो.

आमची चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, आता आमची. भाच्याची महागडी चीज म्हणजे मॉसफेट आणि आयसी. ते खणात खडखडत होते म्हणून आम्ही मोठ्या हौसेने दुकानातील मखमलीचे तुकडे आणून अस्तर लावून दिले. मखमल सिंथेटिक होती. थंडीचे दिवस होते, पुण्याकडची हवा तेव्हा कोरडी असते. महिनाभरात बसवल्याबरोबर निकामी निघालेल्या मॉसफेटांची संख्या वाढली. मखमलीनेच ते गेले हे सिद्ध करता येत नाही, असे भाचा अदबीने म्हणतो. पण आम्हाला शंका नाही. पॉलिएस्टरचा तागा थंडीत उलगडला की चटचट आवाज येतो आणि अंगावरचे केस उभे राहतात, हे आम्ही चाळीस वर्षे पाहतो आहोत. ती वीज असते. माणसाला झटका जाणवायला सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात, आणि काही नाजूक भाग शंभर-दोनशे व्होल्टला जातात. म्हणजे आपल्याला काही कळायच्या आत भाग मेलेला असतो. कधी तो अर्धमेला होतो, तेव्हा आज चालतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याने बंद पडतो. बदनामी मात्र कारागिराची.

मखमल काढली. आयसी आता ज्या पिशवीत आले त्याच पिशवीत राहतात. गुलाबी पिशवी स्वतः वीज साठवत नाही, पण बाहेरच्या झटक्यापासून वाचवत नाही. चंदेरी राखी पिशवी दोन्ही करते. सुट्या आयसीला काळा वाहक फोम वापरावा. थर्मोकोल आणि साधी प्लास्टिकची पिशवी यांपासून दूर ठेवावे. हाताला बांधायचा पट्टा अर्थिंगला जोडावा, आणि तो पट्टा बाजारातलाच घ्यावा. त्यात दहा लाख ओहमचा रेझिस्टन्स असतो, तो जीव वाचवण्यासाठी. साधी तार मनगटाला बांधून अर्थिंगला जोडण्याचा शहाणपणा कोणी करू नये. कामाला बसताना सुती कपडे घालावेत, हे सांगण्यात आमचा धंद्याचा स्वार्थ नाही!

पावसाळ्यात उलटी अडचण. हवेतील दमट सपाट आयसीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये मुरते. मग गरम हवेने सोल्डर करताना, अडीचशे अंशांच्या आसपास, त्या ओलीची वाफ होते आणि आयसी लाहीसारखा आतून फुटतो. म्हणून अशा आयसीच्या पाकिटावर एक दर्जा छापलेला असतो. दर्जा ३ असेल तर पाकीट फोडल्यावर १६८ तासांत, म्हणजे सात दिवसांत, तो बसवावा असा संकेत आहे, आणि तोही हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत असेल तर. जुलै-ऑगस्टमध्ये चिंचवडच्या घरात साठ टक्के कुठून येणार? तेव्हा पाकीट फोडले त्या दिवसाची तारीख पाकिटावर लिहावी आणि उरलेले आयसी रबरी झाकणाच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवावेत. सिलिका जेलचे दाणे गरम करून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

घर आहे, कारखाना नव्हे

मुलांचा विषय निघालाच आहे तर हे सगळ्यांत आधी सांगायला हवे होते. नाण्याच्या आकाराचे लिथियम सेल, विशेषतः वीस मिलिमीटरचा २०३२ नंबरचा, लहान मुलाने गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजते. पोर रडेल, खोकेल, घरच्यांना सर्दी वाटेल. असा संशय आला तरी थांबू नये, थेट मोठ्या हॉस्पिटलात जावे आणि एक्स-रे काढायला सांगावे. भाच्याची मुलगी तीन वर्षांची आहे. त्याच्या टेबलावर असे बारा सेल वाटीत ठेवलेले आम्ही पाहिले तेव्हा आमचा आवाज चढला होता, तो त्या दिवशी एकदाच. आता सेल कंपनीच्या पाकिटातच राहतात, कुलपात. एकमेकांवर रचून ठेवले तर ते आपसात शॉर्ट होतात, तापतात, हे वेगळेच. मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या तर घरात एक रात्रही ठेवू नयेत.

भाच्याच्या बायकोने सोल्डरचे तुकडे मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवले होते, आणि तो डबा घासून पुन्हा स्वयंपाकघरात जाण्याच्या बेतात होता. साध्या सोल्डरमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास शिसे असते. कामाची भांडी आणि खाण्याची भांडी एकमेकांच्या वाटेला जाऊ नयेत. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

पैसा कुठे अडकतो

खरेदीबद्दल थोडे. पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, हे या मालाचे जुने बाजार. तेथे पन्नास नगांचा भाव आणि अख्ख्या रिळाचा भाव यांत मोठी तफावत असते आणि कारागीर रिळाला भुलतो. पाच हजारांतले दोनशे वापरले तर स्वस्ताईचा फायदा कुठे राहिला? जो भाग महिन्याला शेकड्यांनी जातो त्याचे रीळ घ्यावे, बाकीचे पाकिटाने. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तर कधीच साठवू नयेत. वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यांचा आतला थर कमजोर होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर ते गरम होऊन फुटतात. जुना माल आधी वापरावा, नवा मागे ठेवावा. आणि जुन्या बोर्डातून काढलेला कंडेन्सर गिऱ्हाइकाच्या वस्तूत बसवणे म्हणजे धुतलेले कापड नवे म्हणून विकणे होय.

आम्ही जकातीच्या हिशेबासाठी दरसाल दुकानातील मालाची मोजदाद करतो. भाचा म्हणे, “माझा कसला माल, मामू, चार डबे.” मोजला तेव्हा त्याच्या स्वतःच्या मालाची किंमत त्याच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढी निघाली. त्यातला निम्मा माल दोन वर्षांत हलला नव्हता. कारखान्याची हिरवी पेटी या हिशेबात धरली नाही, ती त्याची नाहीच. न हललेला माल त्याने ओळखीच्या दोन दुरुस्तीवाल्यांना निम्म्या भावाने देऊन टाकला आणि आमची उसनवारी त्यातून काही अंशी फेडली.

त्या कारखान्याने तीन महिन्यांनी पुन्हा काम दिले, आधी पन्नास बोर्ड, मग शंभर. आता शिल्लक भागांची पिशवी चलनासह, मीटरने मोजून परत जाते. आमचा लोखंडी मीटर भाच्याकडेच राहिला. दुकानासाठी नवा घ्यावा लागला.

एका डब्याचे मात्र अजून काही ठरलेले नाही. त्यात दीड किलो तरी ओळख न पटलेले भाग आहेत, काही उस्तादाच्या वेळचे. आम्ही म्हणतो, नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याला देऊन टाक. भाचा म्हणतो, “एखाद्या जुमेरातीला बसून तपासतो.” आपांनी त्यावर उर्दूत चिठ्ठी लावली आहे, ‘मुतफर्रिक’, म्हणजे किरकोळ. डबा दर ईदला पुसला जातो आणि त्याच फळीवर परत ठेवला जातो.